शेळीची खुंटी

तीन मिनिटं म्हणजे नेमकी किती, हे मला रविवारी सकाळी कळलं. शेळीला बोरीची एक फांदी ओरबाडायला लागतो त्याहून थोडा कमीच वेळ. तेवढ्यात माझा गोल्फचा चेंडू सापडला नाही, म्हणून तो ‘हरवला’ असं जाहीर झालं. मला एका फटक्याचा दंड बसला आणि वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखं जिथून आलो तिथे परत पाठवण्यात आलं.

मी परभणीचा. विटीदांडूपलीकडे दांडक्याचा खेळ माहीत नव्हता. गोल्फचा नाद लागला तो साडूंमुळे. साडूंचं आयुष्य सरकारी कामांची एमबी, म्हणजे मोजमापांची वही, लिहिण्यात गेलं. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी गोल्फ धरला. त्यांच्या शहराबाहेर नऊ होलचं एक मैदान आहे. शहराचं नाव सांगत नाही. मराठवाड्यात अशी मैदानं बोटांवर मोजण्याइतकी, आणि मला तिथे पुन्हा जायचंय.

चौथ्या होलला उजव्या अंगाने ओढा आहे. म्हणजे जुन्या माणसांच्या आठवणीत आहे. आषाढ सरत आला तरी तळाशी नुसते गोटे. रात्री चार थेंब पडले होते, ते बुटाला काळी माती चिकटण्यापुरते. ओढा वाहण्यापुरते नव्हेत. काठाने वेडी बाभूळ माजलेली. माझा पहिलाच फटका हवेत उजवीकडे वळला आणि त्या बाजूला कुठेतरी ‘ठप्प’ असा आवाज झाला.

आता यातली मेख ऐका. चेंडू ओढ्यात, नियमांच्या भाषेत ‘पेनल्टी एरिया’त, गेला असेल, तर एक फटका दंड भरायचा आणि तो जिथून आत गेला त्या काठापासून दोन क्लबांच्या, म्हणजे दांडक्यांच्या, अंतरात दुसरा टाकून पुढे खेळायचं. तोच चेंडू चार हात अलीकडे बाभळीत हरवला असेल, तर दंड आहेच, वर सगळी वाट तुडवत मागे जायचं. बरं, ओढ्यात गेला असं नुसतं वाटून भागत नाही. चेंडू सापडला नाही तर ‘जवळपास खात्री’ लागते, आणि ती किती हेही ठरलेलं आहे : किमान ९५ टक्के. एवढी खात्री मला लग्न ठरवतानाही नव्हती.

साडूंनी घड्याळाचं बटण दाबलं. मी बाभळीत वाकलो. तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून आवाज आला.

“काय हुडकायलाव, सायेब?”

डोक्यावर पदर, हातात काठी, भोवती सहा-सात शेळ्या. आजी निवांत बसल्या होत्या.

“बॉल, आजी. पांढरा. लिंबाएवढा.”

“मघाशी ठप्पकन आला त्यो? वढ्यात गेला की. माजी ढवळी केवढ्यानं दचकली.”

माझा जीव भांड्यात पडला. साक्षीदार मिळाला! पण साडू असे थोडेच सोडणार. ते बांधाजवळ गेले आणि त्यांनी आवाजात चौकशी अधिकारी आणला.

“आजी, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं?”

“मग काय शेजारनीच्या?”

“ओढ्यात पडला का ओढ्याच्या काठाला?”

“वढ्यात.”

“खात्री किती? शंभराला किती टक्के?”

“शंभराला तीन,” आजी म्हणाल्या. “म्हैन्याला. धाकल्याच्या लग्नात काढल्याले. आजून फिटंनात.”

“व्याज नाही हो. खात्री. पंच्याण्णव टक्के लागते.”

“पंच्यान्नव!” आजींनी कपाळावर हात मारला. “असला कंचा सावकार गाठलाव, बाबा?”

“दोन मिनिटं दहा सेकंद,” साडू घड्याळ बघत म्हणाले.

मी मध्ये पडलो. “आजी, सोपं आहे. बॉल पाण्यात गेला असं धरलं, की मला इथूनच खेळता येतं. एवढंच सांगा यांना.”

आजींनी ओढ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा ओढ्याकडे बघितलं.

“पान्यात? कंच्या पान्यात? पानी आसतं तर म्या शेरडं घिऊन हितं बसले आसते व्हय? ऊस लावला नसता का?”

साडूंना तेवढंच हवं होतं. “बघा! स्थानिक माणूसच म्हणतंय पाणी नाही. शिवाय ओढा आखणाऱ्या लाल खुंट्या इथे कुठे आहेत? खुंटी नाही म्हणजे पेनल्टी एरिया नाही.”

खुंटी म्हटल्यावर माझी नजर ढवळीकडे गेली. तिचं दावं ज्या खुंटीला बांधलं होतं, तिला टोकापर्यंत झकास लाल रंग होता.

“आजी, ही खुंटी कुठली?”

“हितलीच की. वढ्याच्या कडंला रवल्याल्या व्हत्या. तीन सापडल्या. ही ढवळीला घेतली, दोन चुलीला.”

“हे बघा!” मी ओरडलो.

“मी काय बघू? खुंटी शेळीला आहे, ओढ्याला नाही,” साडू म्हणाले. “आणि तीन मिनिटं झाली.”

त्यानंतर आजी काठी टेकत उठल्या, ओढ्यात उतरल्या, दोन गोटे सरकवले आणि वर आल्या. हातात चेंडू. त्यावर मीच स्केचपेनने काढलेला निळा ठिपका.

“ह्योच का?”

“उशीर केलात, आजी,” साडू खेदाने म्हणाले. “तो आता हरवला.”

“हरवला?” आजींनी मूठ उघडून पुन्हा खात्री केली. “मग ह्यो कुनाचा?”

याचं उत्तर साडूंकडे नव्हतं. आजींकडे होतं. “हरवलाच आसंल तर धा रुपये द्या आन् न्या.”

दिले. स्वतःचा हरवलेला चेंडू स्वतःसमोर विकत घेतला आणि चिखल तुडवत मागे निघालो. बुटाला एवढी माती चिकटली की टीपर्यंत, म्हणजे पहिला फटका मारला तिथपर्यंत, पोचेतो मी दोन इंचांनी उंच झालो होतो. तिथे पोचल्यावर साडू म्हणाले, “खरं म्हणजे तुम्ही आधीच एक प्रोव्हिजनल, राखीव चेंडू, मारून ठेवायला हवा होता.” हेही नुसतं मारून चालत नाही. ‘प्रोव्हिजनल’ हा शब्द म्हणावा लागतो किंवा तसा हेतू स्वच्छ सांगावा लागतो. पूजेला बसल्यावर संकल्पात गोत्र सांगतात तसा. ‘अजून एक मारतो’ एवढंच म्हणालात, तर दुसराच खरा धरतात आणि पहिला आपोआप हरवतो.

मला सांगा, शेतात पाणी शिरून पीक गेलं तर विमा कंपनीला कळवायला ७२ तास मिळायचे. तेही पुरत नसत, ती रड वेगळी. चेंडूला तीन मिनिटं! आधी पाच असायची. २०१९ पासून तीन केली, खेळ लवकर उरकावा म्हणून. रात्रीच्या शिडकाव्याचाही उपयोग नाही. पाऊस साचून डबकं झालं असेल तर फुकट सवलत मिळते, पण उभं राहिल्यावर पाणी डोळ्यांना दिसलं पाहिजे. नुसता चिखल म्हणजे पाणी नव्हे. चेंडू आपल्याच फटक्याने मातीत रुतला तर फुकट उचलून घ्या म्हणतात, पण आधी तो सापडायला हवा. काळ्या मातीने गिळलेली वस्तू तीन मिनिटांत परत दिल्याचं कोणी ऐकलंय? नुकसान झालंय हे उघड्या डोळ्यांना दिसत असतं, पण खुंटी रोवणाऱ्याने रोवली नाही, रोवलेली राखली नाही, की भुर्दंड ज्याचं गेलं त्यालाच.

त्यापेक्षा जुनी माणसं सरळ होती. १७४४ साली स्कॉटलंडात एडिनबरोच्या गोल्फवाल्यांनी जवळच्या लीथला खेळण्यासाठी अवघे १३ नियम लिहिले. त्यात चेंडू हरवला तर मागे जा आणि या दुर्दैवाबद्दल प्रतिस्पर्ध्याला एक फटका द्या, असं आहे. द्यावा लागतो तो तेव्हाही, पण निदान दुर्दैव म्हणायची माणुसकी होती. साडूंनी कार्डावर फक्त आकडा लिहिला : नऊ. एका फटक्याने मी हरलो आणि नाष्ट्याचे पैसे मी दिले. वर साडूंनी भज्यांची दुसरी प्लेट मागवली.

रात्री झोप येईना. मोबाईलवर नियम काढून बसलो आणि साडेअकराला उठून बसलो. पेनल्टी एरिया म्हणजे मैदानावरचा कुठलाही पाण्याचा साठा किंवा प्रवाह, समितीने आखलेला असो वा नसो. नदी, तळं, चर, ओढा, सगळं. त्यात पाणी नसलं तरी! आणि रंग ठरवलेला नसेल तर तो लालच धरायचा. म्हणजे खुंटी शेळीला असो की चुलीत, ओढा तो ओढाच. कागदोपत्री पाणी मराठवाड्याने पुष्कळ पाहिलंय, पण ते आमच्या बाजूने असल्याचं मी पहिल्यांदाच वाचत होतो. आजींनी तीन मिनिटांच्या आतच सांगितलं होतं. बघणाऱ्याची साक्ष विचारात घ्यावी लागते, हेही तिथेच होतं.

साडूंना फोन लावला. बायको म्हणाली, ताई झोपली असेल. असू दे.

“साडूभाऊ, पाणी नसलं तरी ओढा धरतात. नियम आहे.”

पलीकडे जांभई. मग, “असेल. पण आजी स्वतः म्हणाल्या ना, शंभराला तीन?”

कार्डावर अजून नऊच आहे.