पेत्रने मोजलेले ६९ ‘शेरीफ’

१ फेब्रुवारी २००३ ची रात्र माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना आठवत असेल. कोलंबिया यान उतरायला जेमतेम १६ मिनिटं राहिली असताना तुटलं, कल्पना चावला गेली, आमच्या घरी कुणाला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरातला तिचा फोटो कापून मी वहीत चिकटवला. त्याच यानात इस्रायलचा इलान रामोन होता, ज्याची आई नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीतून वाचलेली, आणि त्याने सोबत एका ज्यू मुलाच्या चित्राची कॉपी नेली होती. हे मला कळलं गेल्या महिन्यात!

चंद्रावरच्या टोकदार डोंगरांमधून पृथ्वी कशी दिसेल, असं ते चित्र. काढणारा पेत्र गिंझ, प्रागचा, नाझींनी तेरेझीनच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंच्या बंदिस्त वस्तीत, कोंडलेला. जन्म १ फेब्रुवारी १९२८. यान तुटलं त्या दिवशी तो ७५ वर्षांचा झाला असता. बातम्यांमुळे प्रागमधल्या एकाला आठवलं की आपल्याकडे जुन्या घराच्या माळ्यावर सापडलेल्या काही वह्या आहेत, आणि त्यात पेत्रची डायरी निघाली, सप्टेंबर १९४१ ते ऑगस्ट १९४२ ची. वह्याही त्याने स्वतःच बांधलेल्या. पुढे बहिणीने ती छापून आणली.

मी ती आठवीतल्या भाचीसोबत वाचतेय. चौथ्या-पाचव्या पानावर ती म्हणाली, मावशी, हा रडत का नाही गं?

खरंच नाही रडत. सकाळी शाळेत, दुपारी घरी, एवढंच लिहिलेले कितीतरी दिवस आहेत. ज्यूंनी पिवळा तारा लावायचा असा हुकूम निघाला तेव्हा १३ वर्षांचा हा पोरगा लिहितो की शाळेत जाताना मी ६९ ‘शेरीफ’ (म्हणजे तारा लावलेली माणसं) मोजले, आईला तर शंभराहून जास्त दिसले, आणि तिथल्या एका रस्त्याला आता सगळे आकाशगंगा म्हणतात. १ जानेवारी १९४२ ला लिहितो की आता जे अगदी नेहमीचं झालंय त्याने एरवी गहजब झाला असता, आणि मग यादीच देतो, ज्यूंना फळं नाहीत, चीज नाही, कांदा-लसूण नाही, ट्रामच्या पुढच्या डब्यात बसायचं नाही, नदीकाठी फिरायचं नाही. मधेच कुणीतरी ट्रान्सपोर्टमध्ये, म्हणजे ज्यूंना छावण्यांकडे नेणाऱ्या तुकडीत, गेलेलं असतं, नातेवाईक, ओळखीचे, शाळेतले, तेही एका ओळीत.

मला वाटतं आपल्याला अशा डायऱ्यांमधून रडू हवं असतं, नाहीतर मग एखादं आशेचं वाक्य, जे फोटोवर टाकून शेअर करता येईल. पेत्र दोन्ही देत नाही, आणि म्हणूनच मला तो इतका लागला. तो हिशोब ठेवतोय. माणसाचं आयुष्य एकदम नाही काढून घेतलं जात, आज कांदा, उद्या नदीकाठ, परवा वर्गातला मित्र, असं ते जातं, आणि हे त्या मुलाला, घडत होतं तेव्हाच दिसत होतं. मुलांना हे वाचायला द्या असं मी कळकळीने सांगेन, फक्त सोबत बसून वाचा, प्रश्न येतात.

त्याची आई ज्यू नव्हती, वडील होते, आणि अशा घरातली मुलं १४ वर्षांची झाली की त्यांना न्यायचे. ऑक्टोबर १९४२ मध्ये पेत्र एकटा तेरेझीनला गेला. तिथे त्याने मुलांचं ‘वेदेम’ नावाचं साप्ताहिक चालवलं, एकच हस्तलिखित प्रत, शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना वाचून दाखवायची. ते जवळजवळ दोन वर्षं चाललं. २८ सप्टेंबर १९४४ ला त्याला ऑशविट्झला नेलं आणि तिथे मारलं. १६ वर्षांचा होता.

प्राग सोडतानाची हकिगत त्याने तेरेझीनमध्ये लिहून ठेवलीय. सामानात काय काय घेतलं तेही त्यात आहे. भरपूर कागद, ठसे कोरायला लिनोलियम आणि चाकू, आणि अर्धवट राहिलेली कादंबरी. ती तिथे पूर्ण करायची होती त्याला.