शर्यत कशी होती, ते सगळ्यात शेवटी आलेल्याला विचारा

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी पळणाऱ्यांच्या गप्पा ठरलेल्या असतात. मेडल केवढं जड आहे, टी-शर्टचं कापड कसं आहे, फोटो आले का, टायमिंग किती झालं. मलाही यात रस असतो, गळ्यात मेडल पडलं की मलाही आनंद होतो. पण शर्यत चांगली होती की वाईट, हे यातल्या कशावरूनच कळत नाही. ते सांगू शकतो तो कट-ऑफला, म्हणजे शर्यत पूर्ण करायच्या ठरलेल्या मुदतीला, पाच मिनिटं उरली असताना पोचलेला माणूस. त्याला वाटेत पाणी मिळालं का, वळणावर कुणी उभं होतं का, तो आला तेव्हा फिनिशची कमान जागेवर होती का, एवढं त्याला विचारावं. डांबरी रस्त्यांवरच्या आणि डोंगरवाटांवरच्या छोट्या छोट्या शर्यती पळत पळत माझं हे मत झालंय, आणि दर मोसमात ते आणखी पक्कं होतंय.

मी रोडवर मधल्या घोळक्यात असते आणि ट्रेलवर, म्हणजे डोंगरवाटेवर, त्याच्याही बरीच मागे, कारण सुट्या दगडांचा उतार मी जपून उतरते. मागून पळताना जे दिसतं ते पुढच्यांना कधीच दिसत नाही. मार्ग तोच, पण त्यांना पहाटेचा गारवा, भरलेली टेबलं आणि वाहतूक थांबवलेला रस्ता मिळतो. शेवटच्या घोळक्यापर्यंत ऊन डोक्यावर येतं, पाण्याचे जार रिकामे झालेले असतात आणि रस्ता वाहनांना खुला झालेला असतो. प्रवेश फी मात्र दोघांनी सारखीच भरलेली असते.

आधी अंतराबद्दल बोलते, कारण त्यावर वाद सगळ्यात जास्त आणि माहिती सगळ्यात कमी. हाफ मॅरेथॉन (21.1 किलोमीटर) पळून घड्याळात 21.4 किलोमीटर दिसले की लगेच आयोजकांना बोल लावू नका. मार्ग मोजतात तो शक्य तितक्या जवळच्या रेषेवरून, म्हणजे एका वळणाच्या आतल्या कडेपासून पुढच्या वळणाच्या आतल्या कडेपर्यंत सरळ. आपण मात्र घोळक्यातून वाट काढत, पाण्याच्या टेबलाकडे वळत, रस्त्याच्या बाहेरच्या अंगाने पळतो. काटकोनातलं एक वळण चार मीटर बाहेरून घेतलं की सहा-सात मीटर वाढतात. अशी चाळीस वळणं झाली की अडीचशे मीटर गेलेच. त्यात उंच इमारती आणि दाट झाडीत जीपीएसचा सिग्नल भरकटतो तो वेगळाच.

नीट मोजलेला मार्ग कसा मोजतात हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा पाहावं. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र बसवतात. आधी पोलादी टेपने मोजलेल्या एका सरळ पट्ट्यावर सायकल चालवून एका किलोमीटरला काउंटरवर किती आकडे पडतात ते काढतात. मग मार्ग मोजतात, वळणावर कडेपासून 30 सेंटिमीटरवरून. आणि मोजून झालं की पुन्हा त्याच पट्ट्यावर येऊन तपासतात, कारण ऊन चढलं की टायरमधली हवा प्रसरण पावते आणि चाकाचा घेर किंचित बदलतो. एवढं करूनही मार्ग तोकडा भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात. म्हणजे 42.195 किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये 42 मीटर. ही काळजी मला फार आवडते. आणि एवढ्या पद्धती असूनही मँचेस्टर मॅरेथॉनचा मार्ग 2013, 2014 आणि 2015 अशी सलग तीन वर्षं 380 मीटर कमी भरला होता. हजारो लोकांनी ज्या वेळेसाठी महिनोन्महिने पहाटे उठून सराव केला, ती वेळच नंतर अधिकृत राहिली नाही.

छोट्या आयोजकांना प्रमाणित मोजणी परवडत नाही, हे मला समजतं. मग ‘सुमारे 10 किलोमीटर’ असं स्पष्ट लिहा. ‘सुमारे’ लिहिणारा आयोजक मला प्रामाणिक वाटतो. कारण चूक झाली तर तिचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. मार्ग 600 मीटर जास्त निघाला तर किलोमीटरला चार मिनिटं घेणाऱ्याची अडीच मिनिटं जातात. साडेआठ मिनिटं घेणाऱ्याची पाचाच्या वर जातात, आणि तेवढ्यात त्याचा कट-ऑफ निघून जातो. त्या दिवशी त्याच्या नावापुढे डीएनएफ, म्हणजे ‘शर्यत पूर्ण केली नाही’, असं लागतं, आणि त्यात त्याचा काडीचा दोष नसतो.

आता पाणी. एका रोड रेसमध्ये शेवटच्या टप्प्यातल्या टेबलापाशी मी पोचले तेव्हा खाली कागदी कपांचा ओला लगदा झाला होता. टेबलावर एकही भरलेला कप नव्हता आणि स्वयंसेवक मुलं टेबलाचे पाय दुमडत होती. त्या मुलांना मी दोष देणार नाही. ती पहाटे चारला उठून आली होती आणि त्यांना वरून आवरायला सांगितलं होतं. त्यातल्या एका मुलीने स्वतःच्या पिशवीतली बाटली काढून दिली, ‘ताई, एवढंच उरलंय’ म्हणाली. मी अर्धी प्यायले आणि मागून येणाऱ्या काकांना उरलेली दिली. माझ्या मागे अजून बरेच जण होते आणि कट-ऑफला चांगला पाऊण तास बाकी होता. पाणी संपलं कारण हिशेब डोकी मोजून केला होता. पुढचा माणूस एक घोट घेतो आणि कप फेकतो. उन्हात तीन तास रस्त्यावर असणारा दोन-तीन कप पितो, एक डोक्यावर ओततो. मागच्यांसाठी माणशी जास्त पाणी लागतं, हे आयोजकाला माहीत नसेल तर त्याने कधीतरी स्वतः मागून चालून बघावं.

नुसतं पाणी भरपूर ठेवलं की झालं, असंही नाही. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं गेलं आणि त्यातल्या 13 टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, सामान्य पातळीखाली गेलेलं आढळलं. 2005 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचं वजन पळताना वाढलं होतं, म्हणजे जे गरजेपेक्षा जास्त पीत होते, आणि जे चार तासांहून जास्त वेळ मार्गावर होते, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होतं. इथेही पुन्हा मागचेच. म्हणून तहान लागली की प्या, दर टेबलावर प्यायलाच हवं असा नेम करू नका. आणि आयोजकांनी मिठाची सोय शेवटच्या टेबलावर आधी करावी, पहिल्या टेबलावर नंतर केली तरी चालेल.

ट्रेलची गोष्ट याहून गंभीर आहे. रोडवर पाणी संपलं तर माणूस कडेला बसतो, कुणीतरी विचारपूस करतं. डोंगरात चुकलेल्याला विचारणारं कुणी नसतं.

बऱ्याच ट्रेल शर्यतींचा कट-ऑफ रोडवरून उचललेला असतो, आणि तिथेच गणित बिघडतं. आंतरराष्ट्रीय ट्रेल संघटनेचा एक साधा हिशेब आहे: अंतराचे किलोमीटर घ्या आणि एकूण चढाईच्या दर 100 मीटरला एक किलोमीटर त्यात मिळवा. म्हणजे 21 किलोमीटर आणि 1000 मीटर चढाई असेल तर कष्टाच्या हिशेबाने ते 31 किलोमीटर झाले. नवीन येणारे रोडच्या हाफचं टायमिंग डोक्यात धरून उभे राहतात आणि दुसऱ्या चढालाच त्यांचा धीर सुटतो. चढाईचा आकडा अंतराइतक्याच ठळक अक्षरात छापायला हवा. तो न छापणं ही माझ्या दृष्टीने फसवणूक आहे, शब्द कडक वाटला तरी.

खुणांचंही तसंच. वाट फुटते तिथे रिबीन बांधतात, पण बरोबर वाटेवर आत तीस-चाळीस पावलांवर आणखी एक बांधायला विसरतात. तीच रिबीन दमलेल्या माणसाला ‘हो, बरोबर चाललायस’ असं सांगते. वाटसरू रिबिनी ओढून काढतात, वाऱ्याने सुटून जातात, म्हणून आदल्या दिवशी बांधून चालत नाही, पहाटे कुणीतरी पुन्हा फिरून यावं लागतं. ज्या एका ट्रेल शर्यतीला मी परत परत जाते, तिथे धुक्यात एका फाट्यावर एक वयस्कर मार्शल बसलेले असतात. रेनकोटच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत वही. येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवरचा बिब नंबर ते मोठ्याने वाचतात, लिहितात, आणि मगच हात करून वाट दाखवतात. मी एकदा थांबून वही पाहिली. एका बाजूला आधीच्या फाट्यावरून वॉकी-टॉकीवर कळलेले नंबर, दुसऱ्या बाजूला त्यांच्यापर्यंत पोचलेले, आणि जुळला की मधे बरोबरची खूण. त्या क्षणी डोंगरात नेमकं कोण राहिलंय हे त्या वहीत होतं. महागड्या टायमिंग चिपपेक्षा मला तिचा जास्त भरवसा वाटला.

हे मी एवढ्या तळमळीने सांगते त्याला कारण आहे. 22 मे 2021 ला चीनमधल्या गान्सू प्रांतात 100 किलोमीटरची डोंगरी शर्यत सुरू झाली, 172 जण होते. दुपारी उंचावर गारा, बर्फाळ पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. तापमान झपाट्याने कोसळलं आणि 21 जण गारठून मेले. त्यात अतिशय अनुभवी धावपटू होते. वारारोधक जॅकेट सक्तीच्या सामानात नव्हतं. चढाच्या सगळ्यात अवघड टप्प्यावर मदत पोचायला नीट वाट नव्हती. सहा जण वाचले ते एका मेंढपाळामुळे, त्याने त्यांना आपल्या गुहेत नेऊन शेकोटीपाशी बसवलं.

म्हणून सक्तीच्या सामानाची तपासणी सुरू झाली की रांगेत जी कुरकुर होते ती मला आवडत नाही. जॅकेट, शिट्टी, हेडलॅम्प, अंगाला गुंडाळायचं चंदेरी पातळ ब्लँकेट, भरलेला फोन, पाणी. सगळं मिळून पाठीवर फारसं ओझं होत नाही. वेगवान धावपटूला ते लागणार नाही असं वाटतं, पण घोटा मुरगळला की सगळ्यात वेगवान माणूसही दहा मिनिटांत थंड पडतो. सामान न तपासणाऱ्या शर्यतीला मी जात नाही, मग तिचा मार्ग कितीही सुंदर असो.

कट-ऑफच नको, असं म्हणणारे मित्र आहेत. मला ते पटत नाही. स्वयंसेवकांना घरी जायचं असतं, रस्त्याची परवानगी ठरावीक वेळेची असते, डोंगरात अंधार पडतो. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या लांब पल्ल्याच्या शर्यतीत बारा तास झाले की अधिकारी धावपटूंकडे पाठ करून बंदूक झाडतो आणि रेषा बंद होते. दोन पावलांवर असलेला माणूसही राहतो. बघताना पोटात तुटतं, पण नियम सगळ्यांना आधी माहीत असतो आणि बाराव्या तासापर्यंत रेषा खरोखर उघडी असते. माझं म्हणणं एवढंच आहे: कट-ऑफ साडेतीन तासांचा जाहीर केला असेल तर तीन तास एकोणतीस मिनिटांनी येणाऱ्याला कमान, घड्याळ, मेडल आणि पाणी मिळालंच पाहिजे. आयोजकाने दिलेला तो शब्द आहे. तीन तासांनी बक्षीस समारंभ उरकून मंडप सोडायला घेणं म्हणजे तो शब्द मोडणं.

मागच्यांचा मान कसा ठेवतात याचं माझ्या मनात बसलेलं उदाहरण 2015 च्या वेस्टर्न स्टेट्सचं आहे. कॅलिफोर्नियातली 100 मैलांची शर्यत, मर्यादा तीस तास. सत्तर वर्षांच्या गनहिल्ड स्वॉनसन 29 तास 59 मिनिटं 54 सेकंदांत आल्या, सहा सेकंद राखून. शेवटचा साधारण मैलभर त्यांच्यासोबत रॉब क्रार पळत होता. तो ती शर्यत पंधरा तासांपूर्वीच जिंकून मोकळा झाला होता, आणि पायात चपला होत्या. तिथे शेवटच्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणतात आणि स्टेडियम त्यासाठी भरतं. पार्करन या मोफत साप्ताहिक धावेत तर ही गोष्ट नियमातच आहे: प्रत्येक शनिवारी एक स्वयंसेवक सगळ्यात मागे चालतो, म्हणजे पळायला आलेल्यांपैकी कुणीच शेवटचा येत नाही. 2004 साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये 13 जणांनी सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याकडे ना मोठं मेडल होतं ना स्टेज.

आमच्या छोट्या शर्यतींना हे सगळं जमण्यासारखं आहे. एक स्विपर (सगळ्यांच्या मागून येणारा स्वयंसेवक), दोन वह्या, थोडं जास्तीचं पाणी, आणि डीजेवरचा थोडा खर्च कमी. त्यातही डीजे हवाच असेल तर तो तीन तास विजेत्यांसाठी वाजवून शेवटच्या अर्ध्या तासात बंद करू नका. त्याची गरज तेव्हाच जास्त असते.

नाव नोंदवण्याआधी मी आता आयोजकांना तीन गोष्टी विचारते: मार्ग कसा मोजला, शेवटच्या टेबलावर कट-ऑफपर्यंत पाणी असेल का, आणि स्विपर आहे का. काही जण लगेच फोन करून सविस्तर सांगतात, अगदी कोणत्या वळणावर कोण उभं असेल इथपर्यंत. काही जण उत्तरादाखल मेडलचा फोटो पाठवतात. आपल्यापैकी शंभर जणांनी हेच प्रश्न विचारले तर पुढच्या मोसमात उत्तरं तयार ठेवावी लागतील. जे कट-ऑफच्या आसपास पोचतात त्यांनी आपापले अनुभव खाली जरूर लिहा, शर्यतीचं नाव नाही घेतलं तरी चालेल. आणि जे पहिल्या दहात येतात त्यांना विनंती, पुढच्या वेळी मेडल घेऊन लगेच गाडीकडे जाऊ नका, थोडं मागे चालत या.