‘आयेगा आनेवाला’: इको मशीन, कामिनी आणि स्पिरिटचा बोळा

नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत, ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. 1949च्या ‘महल’ चित्रपटातलं ‘आयेगा आनेवाला’ म्हणे इको मशीन लावून टेपवर रेकॉर्ड केलं. कंपनीने लताबाईंचं नाव आकसाने दाबून ‘कामिनी’ छापलं. अख्खं गाणं तबकडीच्या एकाच बाजूला आहे. आणि घरात ती तबकडी असेल तर स्पिरिटने पुसून ऐका. शेवटचा सल्ला कुणी पाळला तर तबकडीच जाईल, म्हणून हे उत्तर.

आधी इको. 1949 साली मुंबईच्या स्टुडिओंत आवाज फिल्मवर प्रकाशाने उमटवत. टेप रुळली ती नंतर. पुढे सर्रास वापरला गेलेला प्लेट रिव्हर्ब, म्हणजे पत्र्याच्या कंपनातून घुमारा देणारं यंत्र, तोही 1957चा. लांबून जवळ येणारा तो आवाज कसा साधला, हे लताबाईंनीच सांगून ठेवलंय: खोलीच्या कोपऱ्यातून ‘खामोश है ज़माना’ गात निघायचं आणि ‘आयेगा’ला माइकपाशी पोचायचं. अंतर दुप्पट झालं की गळ्यातून थेट येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, भिंतींवरून परतणारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून लांबचा सूर नुसता बारीक नाही, घुमटातून आल्यासारखा लागतो. नुसतं बटण वरखाली करून हे होत नाही. शिवाय पावलांचं गणित नाजूक: उशीर झाला तर मुखडा पोकळ, घाई झाली तर साखीतलं, म्हणजे मुखड्याआधीच्या संथ ओळींतलं, गूढ गेलं. आणि जमलं का, ते लगेच ऐकायची सोय नाही; फिल्म धुऊन आल्याशिवाय वाजवता येत नाही!

‘कामिनी’ हे मधुबालाच्या पात्राचं नाव. तबकडीवर पात्राचं नाव छापायची तेव्हा पद्धतच होती. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केल्यावर गायिकेचं नाव जाहीर झालं. पद्धत अन्यायाचीच, पण ती एकट्या लताबाईंसाठी काढलेली नव्हती.

एका बाजूचं म्हणाल, तर मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या 10 इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावतात. साखी आणि सगळे अंतरे त्यात बसवून दाखवा.

आता स्पिरिट. ही तबकडी लाखेची, त्यात दगडाची भुकटी आणि काजळी. सुतार पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो; तेच तुमच्या तबकडीचं होईल. सॅनिटायझरही नको. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचे 2-3 थेंब टाका, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून लगेच टिपा आणि सावलीत उभी वाळवा. ओली तबकडी पाकिटात सरकवली तर आपल्याकडच्या पावसाळ्यात पांढरी बुरशी धरणारच.

सुई 3 मिलची लावा (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची 1 मिलची सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते, आणि खरखर ऐकून लोक म्हणतात तबकडी खराब आहे.