दोन ट्रॅक्टर कांदा

हल्ली घर रिकामं दिसावं म्हणून बराच खर्च करावा लागतो. आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये तो आम्ही गेल्या वर्षी केला.

सुरुवात मुलीनं केली. पुण्याहून आली, हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे घर अगदी 2004 मधलं वाटतं." मी म्हटलं, "आहेच 2004 चं." या उत्तरावर मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि पुढच्या रविवारी डिझायनर मॅडम टॅब घेऊन हजर झाल्या.

मॅडम वयानं लहान, बोलायला गोड. "काका, तुमच्यासाठी मी जापांडी सुचवेन." म्हणजे जपानी साधेपणा आणि स्वीडन-डेन्मार्ककडची ऊब, दोन्ही एका हॉलमध्ये. टॅबवर फोटो दाखवले. एक बुटका लाकडी बाक, एक सुरई, सुरईत एक वाळकी फांदी. मी विचारलं, "यांचं बाकीचं सामान कुठंय?" मॅडम हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. ऊब मात्र आम्हाला खरोखर मिळाली. गाठीगाठींच्या लोकरी कापडाचा पांढराशुभ्र बुक्ले सोफा आला आणि मे महिन्यात त्यावर बसायला आजवर कोणी धजावलेलं नाही. पाहुणे 'खालीच बरंय' म्हणून फरशीवर बसतात. तेवढं जपानी झालं.

मग काम सुरू झालं. कामाच्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. ज्याच्या घरात सुतार येऊन गेलाय त्याला सांगायची गरज नाही, आणि ज्याच्या घरी आला नाही त्याची झोप का उडवा? मिस्त्री उठता-बसता "सातशेदहा लावलंय साहेब" म्हणायचा. हे आयएस 710, म्हणजे मरीन प्लाय. बहात्तर तास पाण्यात उकळलं तरी थर सुटत नाहीत, अशी त्याची परीक्षा असते. आमचं स्वयंपाकघर कोणी बहात्तर तास उकळणार नव्हतं, पण हिला ते ऐकून धीर आला. त्याच्यापेक्षा स्वस्त असतं ते 303, त्याची परीक्षा आठ तासांची. आठ तास मात्र आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला सहज होतात, म्हणून मीही गप्प बसलो.

रंगाचं प्रकरण वेगळंच. पॅन्टोन नावाची अमेरिकन कंपनी दरवर्षी डिसेंबरात पुढच्या वर्षाचा रंग जाहीर करते. 2025 साठी त्यांनी मोचा मूस निवडला होता, तपकिरी. आमच्या भिंती वीस वर्षं पांढऱ्या. मॅडम म्हणाल्या, पांढरं आता फार फ्लॅट वाटतं, डेप्थ हवी. डेप्थ आणली. दोन हात प्रायमर, दोन हात मोचा मूस, खिडकीजवळ लाइमवॉश. हा लाइमवॉश मुद्दाम ढगाळ, कमी-जास्त मारायचा असतो. शेजारच्या वहिनी आल्या, भिंतीवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाल्या, "पेंटर मधेच सोडून गेला का हो? आमच्याकडे एक चांगला आहे." डिसेंबर आला. पॅन्टोननं 2026 चा रंग जाहीर केला: क्लाउड डान्सर. पांढरा. मुलीनं ती बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली आणि लगेच डिलीट केली, पण तोवर मी पाहिली होती.

दिव्यांचंही तसंच. फॉल्स सीलिंगच्या खाचांमधून येणारा तीन हजार केल्विनचा पिवळसर उजेड दिसतो छान. त्यात माणसं गोरी दिसतात, भिंती श्रीमंत दिसतात. फक्त तांदळातले खडे दिसत नाहीत. आई ताट घेऊन जिन्यात जाऊन बसते, कारण तिथे सोसायटीची जुनी पांढरी ट्यूब आहे. त्याच सीलिंगखाली आमचा माळाही गेला, आणि माळ्यावर गाद्या असायच्या. 2027 च्या सिंहस्थाला जळगावपासून कोल्हापूरपर्यंतच्या नातेवाइकांनी "तुमचं घर आहेच" म्हणून आत्ताच कळवून ठेवलंय. गाद्या हिनं गुपचूप शेजारच्या वहिनींकडे ठेवल्या आहेत. मॅडमना वाटतं, दान केल्या.

स्वयंपाकघराला मुठी नाहीत. कपाटाला मूठ असणं आता जुनाट समजतात; दाबलं की उघडतं. ओट्याशी उभं राहिलं की गुडघा लागतो आणि चमच्यांचा ड्रॉवर आपोआप पोटावर येतो. शिवाय सगळं सॉफ्ट-क्लोज. ही सोय ज्यानं काढली त्याचं लग्न झालेलं नसावं. पूर्वी हिला राग आला की ड्रॉवर आपटायची, मला दुसऱ्या खोलीत कळायचं आणि मी वेळीच भाजी आणायला निघून जायचो. आता ती सगळं बळ लावून ढकलते, ड्रॉवर शेवटच्या दोन इंचांवर थबकतो, आणि मग हळूच, लाजत मिटतो. तेवढ्या वेळात तिचा राग दुप्पट होतो आणि मला पत्ताच नसतो.

पण हे सगळं चालून गेलं असतं. कांदा चालला नाही.

माझे मामा निफाड तालुक्यात कांदा करतात. दर उन्हाळ्यात त्यांची एक गोणी आमच्याकडे येते. उन्हाळ कांदा, पूर्ण सुकवून माना कापलेला, नीट ठेवला तर दिवाळीपर्यंत पुरतो. वीस वर्षं तो गॅलरीत, जुन्या खाटेखाली पसरलेला असायचा. या वेळी गॅलरीत 'बायोफिलिक कॉर्नर' झाला होता. माणसाला निसर्गाच्या जवळ नेण्यासाठी तिथे प्लास्टिकचं गवत अंथरलंय. गोणी आली तेव्हा नेमक्या मॅडमही आल्या होत्या. पन्नास किलोंची गोणी, पातळ लाल टरफलांचा सडा, मोचा मूसच्या भिंतीला टेकलेली. मॅडमचा चेहरा पडला. "काका, हे टॉल युनिटमध्ये जाईल," त्या म्हणाल्या. टॉल युनिट म्हणजे जमिनीपासून छतापर्यंतचं बंद कपाट, आत सरकणाऱ्या जाळ्या, बाहेर गुळगुळीत पत्रा. गेलं त्यात सगळं. दार हळूच, लाजत मिटलं. हॉल पुन्हा जपानी झाला.

जुलैत वास सुटला. आधी आम्ही एकमेकांवर घेतलं, मग नळवाल्यावर. शेवटी हिनं दार दाबलं. पुढच्या जाळीतल्या कांद्यांना वीतभर हिरवे कोंब फुटले होते आणि ते दाराच्या फटीच्या दिशेनं वाकले होते. मधल्या जाळीतले हाताला मऊ लागत होते. खालच्या जाळीतून काळपट पाणी ठिपकत होतं, सातशेदहावर. त्याला अर्थातच काही झालं नाही.

मामांना फोन केला तर ते दुसऱ्या दिवशी स्वतःच आले. आजारी माणसाला बघायला येतात तसे. चपला काढल्या, आत आले आणि टीव्हीच्या भिंतीपाशी थांबले. तिथे फ्लूटेड पॅनेल आहे: उभ्या लाकडी रंगाच्या पट्ट्या, मधे खाचा, पट्टी, खाच, छतापर्यंत. मामांनी ते खालून वरपर्यंत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"भाचेबुवा, कांद्याची चाळ हॉलमध्येच बांधली की!"

मी म्हटलं, "मामा, ते पॅनेल आहे. शोभेचं."

त्यांनी खाचेत बोट घातलं. बोट अडकलं. "आरपार नाही?"

"नाही."

"मग हवा कुठून जाते?"

मामांनी मग बुक्लेवर बैठक मारली (ते पहिलेच) आणि मला चाळ, म्हणजे कांदा साठवायची शेड, समजावून सांगितली. कांदा जिता असतो, तो श्वास घेतो, त्याला ऊब सुटते, घाम येतो. म्हणून चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचलून घ्यायची, खालून वारा खेळला पाहिजे. रुंदी चार फुटांच्या आसपास, त्याहून जास्त केली की मधला कांदा गुदमरतो. बाजूंनी पट्ट्या आणि पट्ट्यांत फटी. "फटीसाठीच तर पट्टी असते," मामा म्हणाले, "नाहीतर सरळ भिंत नाही का घालायची?" मग पुढे झुकून, आवाज खाली आणून: "कितीला पडलं हे?"

"अठ्ठेचाळीस हजार. लाइट धरून."

मामा लासलगावच्या बाजारात आयुष्य घातलेला माणूस. त्यांना रुपये कळत नाहीत, क्विंटल कळतात. "बाराशेनं धरू," ते पुटपुटले. ओठ हलले. "चाळीस क्विंटल." मग पॅनेलकडे बराच वेळ बघून, "दोन ट्रॅक्टर कांदा भिंतीला चिकटवला तू."

त्यानंतर त्यांना थांबवणं अवघड झालं. सोफा किती, सीलिंग किती, ती वाळकी फांदी किती. फांदीची किंमत ऐकून ते उठून गॅलरीत गेले आणि प्लास्टिकच्या गवतावर उभे राहिले.

मॅडम बिल घ्यायला त्याच दुपारी आल्या. मामांनी सगळी चौकशी केली, नम्रपणे. मॅडमनीही त्यांची केली. शेतावर चाळ आहे हे कळताच त्यांनी फोटो मागितले. मामांनी फोनवर दाखवले: बांबू, लाकडी पट्ट्या, वर कौलं, चारी बाजूंनी वारा, मागं द्राक्षाचा मांडव. मॅडमचे डोळे मोठे झाले.

"आजोबा, हे तर तयार फार्मस्टे आहे! नॅचरल व्हेंटिलेशन, स्लॅटेड फसाड... मुंबईची माणसं यासाठी वाट्टेल ते देतात. मी कन्व्हर्ट करून देते तुम्हाला. फक्त आत दोन बेड, एक बाथरूम."

मामांना कल्पना वाईट वाटली नाही. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आणि मग कांदा कुठं ठेवायचा?"

"त्याचं टेन्शन नका घेऊ," मॅडम टॅब उघडत म्हणाल्या. "एक टॉल युनिट करू."