“विमानाला हार्ड बॅगच घ्या” म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

गेला महिनाभर आमच्या घरच्या ग्रुपवर, गल्लीच्या ग्रुपवर, एवढंच काय कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या कंपनीच्या ग्रुपवर पण एकच मेसेज फिरतोय, सारखं विमानानं जाणाऱ्यांनी बॅग कशी घ्यावी याचा. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हार्ड बॅगच घ्या, ती तुटत नाही, कापडी टिकत नाही. चाकं आठच पाहिजेत. टीएसए लॉक असलं की कोण उघडू शकत नाही. फ्रॅजाइलचा स्टिकर लावा म्हणजे सांभाळून ठेवतात. आणि एवढं करून तुटलीच तर वॉरंटी आहे, नाहीतर एअरलाइन नवीन देते.

मी फौंड्रीत क्वालिटीला आहे, महिन्यातनं दोन-तीनदा उजळाईवाडीच्या विमानतळावरनं हैदराबाद नाहीतर बेंगळुरू, आणि वर्षातनं दोनदा जर्मनीला कस्टमरकडं जाणं असतं. माझं सोडा, पण माझ्या मावशीनं हा मेसेज वाचून मावसभावासाठी नऊ हजारांची बॅग घेतली, तो जर्मनीला एमएसला गेला, आणि पहिल्याच प्रवासात बॅगेचा कोपरा फुटला. नऊ हजार म्हणजे तिच्यासाठी लहान रक्कम नाही. पोरं बाहेर शिकायला निघतात तेव्हा आईबाप असल्या मेसेजवर विश्वास ठेवून पैसे घालतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पहिलं, “हार्ड बॅग तुटत नाही”. अहो, हार्ड हे मटेरियलचं नावच नाही. दुकानात हार्ड म्हणून जे ठेवलेलं असतं त्यात एबीएस असतं, पॉलिप्रॉपिलीन असतं, पॉलिकार्बोनेट असतं, तिन्ही प्लॅस्टिकचेच प्रकार, आणि बाहेरनं सारखीच चकचकीत दिसतात. आपल्याकडं फौंड्रीवाल्याला हे पटकन कळेल. बीडाचं म्हणजे साध्या ओतीव लोखंडाचं कास्टिंग आणि एसजीचं म्हणजे चिवट ओतीव लोखंडाचं कास्टिंग, दोन्ही लोखंडच, रंग पण तोच, पण बीडावर घण घातला की तुकडा पडतो आणि एसजी आधी वाकतं. एबीएस तसं बीडासारखं, हाताला कडक लागतं म्हणून गिऱ्हाइकाला मजबूत वाटतं, पण कोपऱ्यावर दणका बसला की चीर जाते, थंडीत तर अजून लवकर. पॉलिकार्बोनेट दबतं आणि परत वर येतं. पॉलिप्रॉपिलीन पण लवचिक आणि हलकं, पण कडाक्याच्या थंडीत ते ठिसूळ होऊ शकतं, म्हणजे डिसेंबरात फ्रँकफर्टला उतरणाऱ्यानं याचा विचार करावा.

मावसभावानं सुट्टीत ती बॅग परत आणली तेव्हा मी नीट बघितली. चाकाच्या वरच्या कोपऱ्यातनं केसाएवढी चीर निघून चार बोटं वर गेलेली, अंगठ्यानं दाबलं की दोन्ही कडा एकमेकांवर करकरायच्या. बाहेर मोठा स्टिकर “पॉलिकार्बोनेट”. आतल्या अस्तराची चेन उघडून शिवलेलं लेबल वाचलं तर एबीएस आणि पॉलिकार्बोनेट अशी दोन्ही नावं. म्हणजे मिक्स माल, किंवा एबीएसवर पॉलिकार्बोनेटचा पातळ थर, असं सर्रास चालतं. म्हणून दुकानात स्टिकर वाचू नका, आतलं लेबल वाचा, आणि बॅग आडवी ठेवून मधोमध तळहातानं दाबा. दबून लगेच वर आली तर बरी. दगडासारखी राहिली म्हणून खूश होऊ नका.

हार्ड बॅग वाईट असं मी म्हणत नाही हां. जुलैत आपल्याकडं जो पाऊस लागतो त्यात सामानाची ट्रॉली विमानापाशी उघड्यावर थांबली की कापडी बॅगेतले कपडे ओले होतात, तिथं हार्डच बरी. काचेचं काही न्यायचं असेल तरी हार्ड.

पण “कापडी टिकत नाही” हे साफ चुकीचं आहे. कुठलं कापड ते तर बघा! इचलकरंजीच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला डेनियर शिकवायची गरज नाही, ९,००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. स्वस्तातल्या बॅगेला ६०० डेनियरचं पॉलिस्टर असतं, ते कोपऱ्यावर घासून घासून विरतं, आणि लोक तेवढ्यावरनं सगळ्या कापडी बॅगांना नावं ठेवतात. १६८० डेनियरचं बॅलिस्टिक नायलॉन ही वेगळीच गोष्ट आहे, बॅलिस्टिक नायलॉन मुळात दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या जॅकेटसाठी निघालेलं कापड. फक्त आकडा बघून फसू नका, १६८० डेनियरचं पॉलिस्टर पण मिळतं, पण घासण्याला नायलॉनच जास्त टिकतं. माझी स्वतःची नायलॉनची बॅग सात वर्षं झाली चालू आहे, पुण्याला जाताना ट्रॅव्हल्सच्या डिकीत इतरांच्या पोत्यांखाली दबून सुद्धा. आणि हो, देशातल्या इकॉनॉमीला चेक-इन बहुतेक ठिकाणी १५ किलोच मिळतं, मोठी हार्ड बॅग रिकामीच चार-पाच किलोची, म्हणजे तिसरा हिस्सा बॅगेतच गेला की! चटणी, गूळ, चपला कुठं घालायच्या?

आता चाकं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच, आणि मेसेजमध्ये नेमका हाच उलटा सांगितलाय. आठ चाकं म्हणजे चार कोपऱ्यांना दोन-दोन, ती गोल फिरतात, एअरपोर्टच्या गुळगुळीत फरशीवर एका बोटानं ढकलता येतात, मान्य. पण ती बॅगेच्या पोटाखाली बाहेर लोंबतात. आपलं विमान एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, असलं की कंटेनर वगैरे काही नसतो, माणसं हातानं उचलून एकावर एक रचतात, आणि बॅग उभी आपटली की पहिला मार त्या लोंबत्या चाकावर. दोन चाकांच्या बॅगेत चाक अर्धं आत बसवलेलं असतं, मोठं असतं, आणि स्टँडपासनं घरापर्यंतच्या रस्त्यावर ओढायला पण तेच बरं. दोन चाकं आणि वर ओढायचा दांडा ही बॅग १९८७ साली रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकानं काढली, म्हणजे ज्याचं पोट विमानावर त्यानं स्वतःच्या वापरासाठी बनवलेली वस्तू आहे ती.

आणि चाकं दोन असोत की आठ, ती कशानं बसवलीत ते बघा. अस्तराची चेन उघडली की आत कळतं, स्क्रू आहेत की रिवेट. लक्ष्मीपुरीत माझा नेहमीचा बॅग रिपेअरवाला आहे, त्याच्याकडं मावसभावाची बॅग घेऊन गेलो. त्यानं बॅग उलटी करून मांडीवर घेतली, बारीक ड्रिलनं एकेक रिवेट उडवला, चिरेच्या टोकाला एक बारीक भोक पाडलं म्हणजे चीर पुढं सरकत नाही, आतनं पत्र्याची पट्टी लावून नटबोल्टनं नवीन चाक कसलं. साडेचारशे रुपये. म्हणाला, “स्क्रूची असती तर दीडशेत झालं असतं, आणि काही बॅगांना चाक शेलमध्येच ओतलेलं असतं, त्या मी हातातच घेत नाही.” मला विचाराल तर सारखा प्रवास करणाऱ्यानं न तुटणारी बॅग शोधूच नये, दुरुस्त होणारी शोधावी. चाक कधीतरी जाणारच, दांडा कधीतरी अडकणारच, चेनचा रनर कधीतरी सुटणारच.

टीएसए लॉकबद्दल. टीएसए ही अमेरिकेतली सुरक्षा यंत्रणा. तिथं तपासणीला बॅग उघडायची वेळ आली तर कुलूप न तोडता त्यांच्या मास्टर चावीनं उघडता यावं, यासाठी ते लॉक असतं. म्हणजे दुसऱ्याला उघडता यावं हाच त्याचा हेतू! त्या मास्टर चाव्यांचे फोटो बाहेर पडले आणि २०१५ मध्ये थ्रीडी प्रिंटरवर चावी काढायच्या फाइलीसुद्धा नेटवर आल्या. अमेरिकेला जाणाऱ्यानं जरूर घ्यावं, कुलूप तुटायचं वाचतं, पण त्याच्या जोरावर सोनं बॅगेत ठेवू नये. तीन आकड्यांचं लॉक म्हणजे १,००० जोड्या, सेकंदाला एक फिरवली तर सतरा मिनिटांत संपतात. आणि लॉकला हात लावायची पण गरज नसते. मी घरी जेवणाच्या टेबलावर आईला करून दाखवलं, साधं बॉलपेन साध्या नायलॉनच्या चेनीत खुपसलं, चेन फाकली, हात आत घातला, नंतर लॉक लावलेले रनर तसेच जोडीनं फिरवले तर चेन परत जशीच्या तशी. आई बघतच राहिली. तीच चेन जाड, दहा नंबरची, सुट्या दातांची असेल तर पेन एवढं सहज जात नाही. कुलपापेक्षा चेनीला पैसे द्या.

फ्रॅजाइलचा स्टिकर. लावा, नुकसान काही नाही. पण सॉर्टिंगचा बेल्ट स्टिकर वाचत नाही.

राहिली वॉरंटी आणि एअरलाइन. पाच वर्षं, दहा वर्षं असं मोठ्या अक्षरात लिहितात ते बहुतेक बनवण्यातल्या दोषासाठी असतं, प्रवासात आपटून तुटली तर “हँडलिंग डॅमेज” म्हणून हात वर करतात. मावशीला हेच उत्तर मिळालं. एअरलाइन नवीन देते असा पण काही नियम नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू असेल तिथं भरपाई मिळू शकते, २८ डिसेंबर २०२४ पासनं तिची कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, पण ही मर्यादा झाली, हातात पडणारी रक्कम नाही, शिवाय बॅगेच्याच दोषामुळं किंवा हलक्या दर्जामुळं नुकसान झालं असेल तर तेवढ्यापुरती जबाबदारी त्यांच्यावर येत नाही. आणि तक्रार लेखी पाहिजे, बॅग हातात आल्यापासनं सात दिवसांच्या आत. मावसभावानं चीर हॉस्टेलवर गेल्यावर बघितली, दादाला, म्हणजे मला, फोन करू करू म्हणत दहा दिवस घालवले, तिथंच विषय संपला. त्यामुळं बॅग बेल्टवरनं उतरवली की तिथंच उलटी करा, चारी कोपरे आणि चाकं बघा, फोटो काढा, आणि काही दिसलं तर बॅगेज काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या नुकसानीची लेखी नोंद, लिहून घेऊनच हला, कारण तो काउंटर आतच असतो आणि एकदा बाहेर पडलं की सहजासहजी परत आत सोडत नाहीत.