कोकम सरबताने फॅटी लिव्हर जात नाही

खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘रोज उपाशीपोटी ग्लासभर कोकम सरबत प्या, महिन्यात लिव्हरची चरबी विरघळते, गोळ्या बंद करा. नैसर्गिक आहे, अपाय नाही.’

चरबी विरघळण्याची गोष्ट आली कुठून? कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं. साखरेपासून चरबी बनवणाऱ्या एका एन्झाइमला ते अडवतं, हे खरं. पण हे दिसलं ते मुख्यतः प्रयोगशाळेत आणि उंदरांवर, तेही अर्काच्या मोठ्या मात्रेत. त्यावरून माणसाचं फॅटी लिव्हर महिन्यात बरं होतं असं म्हणता येत नाही.

खरा घोळ सरबतात आहे. घरी सिरप करताना एक किलो सालीला दोन किलो साखर पडते. ग्लासात ३० मिली सिरप ओतलं की जवळपास २५ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे साखर पोटात गेली. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज. तो बहुतांशी लिव्हरमध्येच जातो आणि जास्त झाला की तिथेच त्याची चरबी होते. ज्या दुखण्यावर प्यायचं, तेच वाढतं. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, साखर नसते, पण मीठ भरपूर. सिरोसिसमुळे, म्हणजे लिव्हर कडक होऊन, पोटात पाणी झालेल्याला दिवसभराचं मीठ साधारण ५ ग्रॅमच्या आत ठेवावं लागतं. त्याला आगळ देऊच नका.

‘नैसर्गिक, अपाय नाही’ हेही खोटं. कोकमाच्याच कुळातल्या गार्सिनिया कंबोजियाच्या, म्हणजे उप्पागेच्या, वजन उतरवायच्या गोळ्यांनी कावीळ झाल्याच्या, क्वचित लिव्हर बदलावं लागल्याच्या नोंदी आहेत. आमटीतल्या दोन आमसुलांना घाबरायचं कारण नाही. अर्काच्या गोळ्या मात्र घेऊ नका.

आणि औषधं बंद? हिपॅटायटिस बीची गोळी मनाने थांबवली तर विषाणू उसळून लिव्हर निकामी होऊ शकतं. हा सल्ला पुढे पाठवणाऱ्याने एवढं तरी लक्षात घ्यावं.

चरबी उतरते ती वजन उतरवल्याने. ८० किलोच्या माणसाने सहा महिने ते वर्षभरात सहा ते आठ किलो कमी करावं, दारू पूर्ण सोडावी. एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणून चरबी नाही असं समजू नये.

कोकम आवडतं तर चार आमसुलं धुऊन अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, कुस्करून गाळा, भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. साखर नको. जेवणासोबत घ्या, पित्ताचा त्रास असलेल्याला उपाशीपोटी जळजळ होते. डोळे पिवळे, पोट फुगलेलं किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.