कुफी समजून मारलेला साप

रविवारी शेजारच्या आजोबांनी फावड्याने एक साप मारला. सायप्रसमध्ये लिमासोल शहराच्या वर, ट्रूडोस डोंगराच्या उतारावर आमचं गाव. दगडी बांध, ऑलिव्ह, कॅरोबची झाडं. सापांना लपायला भरपूर जागा. "कुफी, कुफी!" (इथला जहाल विषारी साप) असा ओरडा ऐकून मी धावत गेले, पण तोवर सगळं संपलं होतं.

काटकीने डोकं वळवून पाहिलं. डोक्यावर फरशा बसवल्यासारखे मोठे खवले, डोळ्याची बाहुली गोल, शेपटी लांब आणि निमुळती. कुफी नव्हतीच ती. बिनविषारी कॉइन स्नेक होता. फार वाईट वाटलं.

कुफी म्हणजे ग्रीकमध्ये बहिरी. फिनासुद्धा म्हणतात तिला. आपल्या घोणशीच्याच कुळातली, आणि सायप्रसमध्ये माणसाच्या जिवावर बेतेल असा हा एकच साप. अंगाने जाड, डोकं रुंद, त्यावर बारीक बारीक खवले, शेपटी एकदम तोकडी. कॉइन स्नेकच्या पाठीवरही तसेच गडद ठिपके असतात आणि डिवचलं की तो डोकं चपटं करून फुत्कारतो, हुबेहूब कुफीसारखा. शत्रूला घाबरवायला घेतलेलं हे सोंग फावड्यापुढे त्याच्याच जिवावर उठतं. आपल्याकडे घोणस समजून डुरक्या घोणस मारतात, तेच इथे चालतं.

इथे नव्याने आलेल्या आपल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: बाहुली उभी असेल तर विषारी, गोल असेल तर बिनविषारी. कृपा करून तो पुढे पाठवू नका. इथल्या कॅट स्नेकची बाहुलीही मांजरासारखी उभी असते, पण त्याच्यापासून माणसाला धोका नाही. उलट माँपेलिए स्नेकची बाहुली गोल, तरी त्याच्या जबड्यात मागे विषाचे दात असतात. आणि हाच नियम घेऊन कोणी गावी गेलं तर? नाग आणि मण्यार, दोघांचीही बाहुली गोलच! शिवाय बाहुली दिसेल इतकं जवळ जायचंच कशाला? लांबूनच अंगाची जाडी आणि शेपटी बघा. तरीही शंका वाटली तर कुफीच आहे असं धरून मागे व्हा.

काळा कुळकुळीत, अडीच मीटरपर्यंत वाढणारा साप दिसला तर तो इथली धामण समजा. उंदीर खातो, दुसरे सापही खातो. जुने शेतकरी त्याला हात लावत नाहीत, हे मला फार आवडतं. आणखी एक सडपातळ व्हिप स्नेक आहे, तो जगात फक्त याच बेटावर सापडतो. वेगळी जात म्हणून त्याची नोंद झाली 1985 मध्ये. तोही याच भीतीपायी मारला जातो.

कुफीलाही मारू नये असंच माझं मत आहे. उन्हाळ्यात ती संध्याकाळनंतर बाहेर पडते, पाण्याच्या जवळपास येते. तेव्हा टॉर्च घ्या, बूट घाला, बांधाच्या फटीत हात घालू नका. चावलीच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळून बांधायचं नाही. अंगठी, घड्याळ काढा, हात-पाय हलू देऊ नका आणि लगेच 112 ला फोन करा.